केमो लागेल का? ऑन्कोटाइप टेस्टचा माझा अनुभव

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, काखेतल्या ग्रंथींतही कॅन्सर निघाला नाही. आता केमो घ्यायची की नाही? या प्रश्नाची तयारी आपल्याकडे कोणी करून घेत नाही. कॅन्सर म्हटलं की केमो आलीच, असंच बहुतेकांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. मार्चमध्ये हा प्रश्न माझ्यापुढे आला तेव्हा मी मराठीत शोधाशोध केली. हळदीचे काढे सापडले, 'जिद्दीने कॅन्सरला हरवलं' असे मथळे सापडले. काढलेल्या गाठीवरून केमोचा उपयोग होईल का ते सांगणारी ऑन्कोटाइप टेस्ट करायची तर गाठीचा जपून ठेवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, कुठून मागायचा, पैसे कोणाला भरायचे, रिपोर्टवरचा आकडा कसा वाचायचा, हे मात्र कुठे नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी दोन गोष्टी. मी डॉक्टर नाही, एका पतसंस्थेत हिशेब तपासायचं काम करते, वय छप्पन्न. आणि हे सगळं ठरावीक प्रकारच्या कॅन्सरलाच लागू आहे: हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू नावाचं प्रथिन जास्त नसलेला) आणि लवकर सापडलेला. ज्यांचा हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोन, हर-टू काहीच नसलेला) आहे त्यांच्यासाठी ही टेस्ट नाही. त्यांचे उपचार वेगळ्या वाटेने जातात.

गाठ लागली २०२४ च्या फेब्रुवारीत, डाव्या बाजूला. ९ तारखेला मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी एकाच वेळी झाली, साडेतीन हजार रुपये. रिपोर्टवर 'बायरॅड्स ५' होतं, म्हणजे कॅन्सरची दाट शंका. रेडिओलॉजिस्ट बाई तोंडाने काही बोलल्या नाहीत, फक्त 'सर्जनना उद्याच दाखवा' म्हणाल्या. त्यातच काय ते कळलं. पुढच्या आठवड्यात जाड सुईची बायोप्सी झाली. कॅन्सर आहे हे पाच-सहा दिवसांत कळलं, पण त्याचा प्रकार कळायला वेळ लागला, कारण माझा हर-टू 'दोन प्लस' आला. दोन प्लस म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. अशा वेळी त्याच नमुन्यावर 'फिश' नावाची आणखी एक तपासणी करतात. तिचे दहा हजार वेगळे आणि आठवडाभर थांबणंही वेगळं. ४ मार्चला ती निगेटिव्ह आली. या आठवड्यात माझी जितकी चिडचिड झाली तितकी पुढे कधीच झाली नाही. पण ही तपासणी टाळता येत नाही, पुढचा सगळा आराखडा तिच्यावर उभा असतो.

१२ मार्चला शस्त्रक्रिया. पूर्ण स्तन काढला नाही, गाठ आणि तिच्या कडेचा थोडा भाग काढला. काखेतल्या पहिल्या तीन ग्रंथी काढून तिथल्या तिथे तपासल्या. १४ ला डिस्चार्ज. विम्याचं कॅशलेस होतं. घरी जा असं सकाळी राउंडला सांगितलं होतं, टीपीएची, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या मधल्या कंपनीची, मंजुरी आली संध्याकाळी दिवेलागणीला. हे सगळीकडे असंच चालतं म्हणे. त्या दिवशी जेवणाचा डबा घरून मागवून ठेवा.

अंतिम रिपोर्ट २२ मार्चला हातात आला. गाठ २.२ सेंटिमीटर, ग्रेड २, तिन्ही ग्रंथी साफ. ईआर ९० टक्के, पीआर ४० टक्के (हे दोन हार्मोनचे), केआय-६७ (पेशी किती भराभर वाढतात ते) वीस टक्के. सर्जननी वाचला आणि म्हणाले, "छान आहे. पण दोन सेंटिमीटरच्या वर आहे, केमो बहुतेक लागेल. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टना भेटा."

'छान आहे' आणि 'केमो लागेल' ही दोन वाक्यं एका दमात ऐकून मी आणि नवरा पार्किंगमध्ये बराच वेळ गाडी सुरू न करता बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी शनिवारी ऑन्कॉलॉजिस्टची, म्हणजे कॅन्सरवर औषधं देणाऱ्या डॉक्टरांची, वेळ मिळाली. चाळिशीच्या बाई होत्या. ओपीडी खचाखच भरलेली, तरी त्यांनी आम्हाला पुरेसा वेळ दिला. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. एक: आजार परत येण्याचा धोका किती? दोन: केमोने तो धोका किती कमी होईल?

"लोक हे दोन्ही एकच समजतात," त्या म्हणाल्या. "गाठीचा आकार, ग्रेड, ग्रंथी यावरून पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं. दुसऱ्याचं मिळत नाही. केमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर चालते. तुमच्या गाठीतल्या पेशी सावकाश वाढणाऱ्या आणि हार्मोनवर पोसलेल्या असतील, तर धोका थोडा जास्त असूनही केमोचा उपयोग होणार नाही. तिथे हार्मोन रोखणारी गोळीच काम करते."

मला हे पटायला वेळ लागला. धोका जास्त तर औषध जास्त, असाच हिशेब आपल्या डोक्यात पक्का असतो. जिथे धोका आहे पण हे औषध त्याला लागू पडत नाही, असा तिसरा रकानाही असतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात समजून घ्यायची मुख्य गोष्ट हीच आहे. एवढं एक समजलं तर पुढचे आकडे घाबरवत नाहीत.

केमो द्यायची झाली तर काय देणार तेही मी विचारून घेतलं. दर तीन आठवड्यांनी एक, अशा चार. केस जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. पांढऱ्या पेशी घसरून ताप येणं, हातापायांच्या बोटांना मुंग्या येणं आणि काहींच्या बाबतीत त्या बरेच महिने राहणं, हे कमी जणींना माहीत असतं. "गरज असेल तर हे सगळं सोसायचंच," बाई म्हणाल्या, "पण गरज आहे का, ते आधी बघू."

मग टेस्टचा विषय निघाला. गाठीचा जो तुकडा पॅथॉलॉजीत जपून ठेवलेला असतो, त्यातल्या जनुकांची हालचाल मोजून एक आकडा काढतात. सगळ्यात जास्त वापरात असलेली टेस्ट म्हणजे ऑन्कोटाइप डीएक्स. ती २१ जनुकं तपासते. त्यातली १६ कॅन्सरशी संबंधित असतात आणि पाच तुलनेसाठी. आकडा ० ते १०० मध्ये येतो. नमुना अमेरिकेला, कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीच्या प्रयोगशाळेत जातो. मला सांगितलेला खर्च पावणेतीन लाख. ७० जनुकांची मॅमाप्रिंटही आहे. आणि एक आपल्याकडची आहे, बेंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीची कॅनअसिस्ट ब्रेस्ट. ती जनुकांऐवजी गाठीतली पाच प्रथिनं बघते, त्यात आकार, ग्रेड आणि ग्रंथींची माहिती मिळवते आणि कमी धोका की जास्त धोका ते सांगते. तिचा खर्च तेव्हा लाखाच्या आत होता.

पैसे खर्च करण्याआधी बाईंनी एक फुकटातली गोष्ट केली. ती सगळ्यांनी आवर्जून विचारावी. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाची मॅगी समीकरणं आहेत. पॅथॉलॉजी रिपोर्टमधलेच आकडे त्यात घातले की ऑन्कोटाइपचा आकडा साधारण कुठे येईल याचा अंदाज मिळतो. अंदाज १८ च्या खाली आला तर अनेकदा महागडी टेस्ट करायचं कारण उरत नाही. माझा विसाच्या पुढे आला. म्हणजे नेमका मधला, आणि टेस्टचा खरा उपयोग तिथेच.

घरी आल्यावर लेकीने केंब्रिजचं 'प्रेडिक्ट' नावाचं कॅल्क्युलेटर उघडलं. तेही फुकट आहे. वय, आकार, ग्रेड, ग्रंथी असं सगळं भरलं की दहा वर्षांनी शंभरातल्या किती जणी हयात असतील ते चित्र काढून दाखवतं. माझ्या माहितीवर केमोने शंभरात एक-दोन जणींचा फरक दाखवला. बाईंनी नंतर सांगितलं की हे कॅल्क्युलेटर जगण्याचं गणित मांडतं, आजार परत येण्याचं नाही, आणि गाठीच्या जनुकांबद्दल त्याला काहीच माहीत नसतं. रात्री झोपण्यापूर्वी ते उघडू नका, एवढाच माझा सल्ला.

आता कोणती टेस्ट? बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. ऑन्कोटाइपमागे हजारो बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून केलेला अभ्यास आहे. बेंगळुरूच्या टेस्टची पडताळणी मुख्यतः जुन्या, साठवलेल्या नमुन्यांवर झाली आहे, त्यात भारतीय बायकांचे नमुनेही आहेत. "परवडत असेल तर ऑन्कोटाइप करा. नसेल तर कॅनअसिस्ट करा, मी तिच्यावरही निर्णय घेते. पण एक अट आहे. रिपोर्टने तुमचा निर्णय बदलणार असेल तरच करा. काहीही आलं तरी केमो घेणारच, किंवा काहीही आलं तरी घेणार नाही, असं मनाशी ठरलं असेल तर पैसे घालवू नका."

आम्ही एक एफडी मोडली. इंग्लंडात ही टेस्ट सरकारी आरोग्यसेवेतून होते. आपल्याकडे ज्याच्याजवळ मोडायला एफडी आहे त्यालाच चार केमोंतून सुटण्याची शक्यता विकत घेता येते. पतसंस्थेत बसून रोज लोकांच्या ठेवी बघणारी मी, मला हे टोचलं. अजूनही टोचतं.

२५ मार्चला धुळवड, सगळं बंद. २६ ला ब्लॉकच्या मागे लागले. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. साबणाच्या वडीच्या एका कापासारखा दिसतो, खाली प्लास्टिकची छोटी जाळी आणि तिच्यावर नंबर. तो रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीकडे असतो आणि मागितल्यावर तुम्हाला मिळतो. त्यासाठी लागलं ते असं: पॅथॉलॉजी विभागप्रमुखांच्या नावे अर्ज, ऑन्कॉलॉजिस्टचं टेस्ट सुचवणारं पत्र, आधारची झेरॉक्स, अंतिम रिपोर्टची झेरॉक्स आणि पाचशे रुपयांची पावती. नातेवाईक आणणार असेल तर तुमच्या सहीचं अधिकारपत्र आणि त्यांचं ओळखपत्र. खिडकीवरच्या माणसाने आधी 'ब्लॉक देत नाही, स्लाइड (तपासणीची काचपट्टी) न्या' असं सांगून परत पाठवायचा प्रयत्न केला. मी तिथेच उभी राहिले. आतून एक तरुण डॉक्टर आली, "काकू, ब्लॉक कशाला हवाय?" तिला पत्र दाखवलं तर तिला लगेच समजलं. कोणता ब्लॉक द्यायचा हे तुम्ही ठरवायचं नसतं. ज्यात गाठीचा भाग सर्वात जास्त आहे तो पॅथॉलॉजिस्ट निवडतात, आणि त्यासाठी त्यांना दोन दिवस लागले.

दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायचा विचार असेल तर एक आधीच विचारून ठेवा. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी बऱ्याचदा स्लाइड-ब्लॉक पुन्हा तपासायला मागतात. एकच ब्लॉक एकाच वेळी कॅलिफोर्नियात आणि परळला असू शकत नाही. काय आधी, काय नंतर, ते ठरवून मगच ब्लॉक उचला.

२८ ला सही करून ब्लॉक ताब्यात घेतला. रुग्णालय पुण्यात कॅम्पात, बाईंचं क्लिनिक कर्वे रस्त्याला, आणि कंपनीचा माणूस क्लिनिकमधूनच नमुना घेणार होता. मार्चअखेरची दुपार. पॅथॉलॉजीतल्या बाईंनी बजावलं होतं, "उन्हात लावलेल्या गाडीत ठेवू नका, मेण आहे ते." म्हणून रिक्षा केली आणि ब्लॉकचं पाकीट पर्समध्ये, पर्स मांडीवर. लकडी पुलावर रिक्षा अडकली तेव्हा मनात आलं, आपल्याच शरीराचा तुकडा पावती फाडून सोडवून आणतो आहोत. हसूही आलं.

२९ ला गुड फ्रायडे, क्लिनिक बंद. ३० ला नमुना गेला. फॉर्मवर बाईंची सही, माझी संमती आणि पैसे एनईएफटीने आधी. फॉर्मवरचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे ना ते बघा, ग्रंथींची स्थिती बरोबर भरली आहे ना तेही बघा, कारण ग्रंथीत आजार असेल तर रिपोर्टमधले आकडे वेगळ्या तक्त्याने येतात. बिल रुग्णाच्याच नावावर घ्या. ते का, ते शेवटी सांगते.

४ एप्रिलला नमुना पोहोचल्याचा ईमेल आला. मग नुसतं थांबणं.

या काळात माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: केमो लागलीच तर उशीर तर होत नाही ना? बाईंनी सांगितलं की शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा-आठ आठवड्यांत सुरू झालेली बरी, तीन महिन्यांच्या पुढे जाणं मात्र चांगलं नाही. टेस्टची वाट बघण्याएवढा वेळ त्यात आरामात बसतो. तोवर हाताचे व्यायाम चालू ठेवायचे. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दुखलं तरी. ९ एप्रिलला पाडवा होता. डावा हात पूर्ण वर जात नव्हता, गुढी नवऱ्याने आणि लेकीने उभारली, मी खालून सूचना दिल्या. श्रीखंड चितळ्यांकडून आणलं, घरी चक्का बांधायचा उत्साह कोणालाच नव्हता.

त्याच दिवशी सोलापूरहून जाऊबाईंचा फोन आला. त्यांना काही वर्षांपूर्वी हाच आजार झाला होता. त्यांचा हर-टू पॉझिटिव्ह होता, ग्रंथीतही होता. "अगं, मी घेतल्या ना सगळ्या केमो? मग तू कशाला टेस्ट-बिस्ट करत बसलीस? घेऊन टाक. मनाला घोर नको." मी म्हटलं, "ताई, तुमचा प्रकार वेगळा होता." त्या म्हणाल्या, "कॅन्सर तो कॅन्सर." प्रेमानेच म्हणाल्या. पण असं म्हणणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. सोसायटीत तर एकींनी विचारलं, "केमो नाही? मग नक्की कॅन्सरच होता ना?"

१५ एप्रिलला, सोमवारी दुपारी क्लिनिकमधून फोन: रिपोर्ट आला आहे, संध्याकाळी या. आकडा होता २४.

नवरा लगेच म्हणाला, "पंचवीसच्या आत आहे ना? मग सुटलीस!" लेकीने तोवर फोनवर एक तक्ता उघडला होता. त्यात १८ ते ३० म्हणजे मध्यम धोका असं लिहिलेलं, पिवळ्या रंगात. तिचा चेहरा उतरला. हे ध्यानात ठेवा: १८ आणि ३१ ची ती विभागणी जुनी आहे. नेटवर अजून सगळीकडे फिरते. २०१८ मध्ये 'टेलरएक्स' या अभ्यासाचे निष्कर्ष आले आणि आता त्यातल्या सीमा वापरतात.

बाईंनी त्या अभ्यासाचा तक्ता काढून समजावला. दहा हजारांवर बायका, सगळ्यांचा कॅन्सर माझ्याच प्रकारचा, ग्रंथी साफ. ज्यांचा आकडा ११ ते २५ मध्ये आला त्यांचे दोन गट केले. एकाला नुसती हार्मोनची गोळी, दुसऱ्याला गोळी आणि केमो. नऊ वर्षांनी आजार दूरच्या अवयवात न गेलेल्या बायका पहिल्या गटात ९४.५ टक्के, दुसऱ्यात ९५ टक्के. मी हिशेबाची बाई, हे मला चटकन उमगलं. दोनशे जणींनी केमो घ्यायची तेव्हा जेमतेम एकीचा फरक, आणि तोही अभ्यासकांच्या मते योगायोगाच्या मर्यादेतला.

पण मी विचारलं, "हे ११ ते २५ चं सरसकट झालं. माझा चोवीस आहे. अकरावालीचा आणि माझा धोका एकच कसा?"

"एक नाहीच," त्या म्हणाल्या. रिपोर्टमध्ये नेमक्या २४ या आकड्यापुढे धोक्याची टक्केवारी वेगळी दिलेली असते, आणि माझी त्या सरासरीहून वर होती. ती त्यांनी बोट ठेवून दाखवली. "२४ आणि २६ मध्ये भिंत नाही. कुठेतरी रेघ मारावी लागते, ती पंचवीसवर मारली आहे. पण तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. वय पन्नाशीच्या वर, आणि पाळी जाऊन पाच वर्षं झाली." पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये १६ ते २५ या पट्ट्यात केमोचा थोडा फायदा दिसला होता. तोही बहुधा केमोमुळे पाळी थांबते म्हणून, असा तज्ज्ञांचा कयास आहे. माझ्या वयात तो फायदा दिसला नाही. गाठ दोन सेंटिमीटरच्या वर असलेल्यांतही, या वयात, दिसला नाही. सर्जन ज्या २.२ वरून 'बहुतेक लागेल' म्हणाले होते त्याचं उत्तर इथे मिळालं. एक ते तीन ग्रंथींत आजार असलेल्यांसाठी 'आरएक्सपॉन्डर' म्हणून वेगळा अभ्यास आहे, २०२१ चा. पाळी गेलेल्या बायकांना आकडा २५ पर्यंत असेल तर तिथेही केमोचा फायदा दिसला नाही, पाळी चालू असलेल्यांना दिसला. म्हणजे माझा निर्णय वाचून चाळिशीतल्या कोणी स्वतःला लावू नये.

आणखी एक ओळ रिपोर्टवर बारीक अक्षरात असते: हा धोका पाच वर्षं हार्मोनची गोळी घेतली असं धरून काढला आहे. "केमो नाही म्हणजे काहीच नाही असं समजून दोन वर्षांनी गोळी सोडलीत," बाई म्हणाल्या, "तर हा कागद फाडून टाका."

निर्णय त्यांनी त्या दिवशी सांगितला नाही. आकडा सीमेजवळचा म्हणून ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे सर्जन, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट अशा सगळ्यांच्या बैठकीत ठेवते म्हणाल्या. १७ ला रामनवमी, बैठक १८ ला झाली. केमो नको, रेडिएशन आणि लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी, असं ठरलं. तरी आम्ही २० तारखेला पुण्यातच दुसऱ्या एका ऑन्कॉलॉजिस्टकडे फाईल घेऊन गेलो. फी दीड हजार. ते कमी बोलणारे, त्यांनी सगळं वाचलं, ग्रेड आणि वय पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "मीही देणार नाही." ज्यांना मुंबईला जाणं जमत नाही त्यांच्यासाठी टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडबरोबर काम करणारी 'नव्या' ही ऑनलाइन मत देणारी सेवा आहे, कागद अपलोड करावे लागतात.

मला शांत वाटलं का? पूर्ण नाही. केमो घेतली असती तर 'सगळं केलं' असं म्हणता आलं असतं, आणि ती म्हणण्याची सोय फार मोठी असते. जाऊबाईंना फोन करून सांगितलं तर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "गोळी मात्र चुकवू नकोस हं."

रेडिएशनबद्दल थोडक्यात. २४ एप्रिलला मापं घेतली, छातीवर बारीक खुणा केल्या, २९ ला सुरू. तीन आठवडे आणि वर शेवटचे काही बूस्ट (गाठीच्या जागेवरचे जादा डोस), शनिवार-रविवार सुट्टी. प्रत्यक्ष मशीनखाली काही मिनिटं, पण जाणं-येणं आणि रांग धरून अर्धा दिवस. १३ मे ला पुण्याचं मतदान होतं, ते करूनच मशीनखाली गेले. सुती, सैल, पुढून बटणं असलेले कपडे शिवून घ्या. कातडी शेवटच्या आठवड्यात जास्त काळवंडते.

लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम रोज एक. गोळी स्वस्त आहे, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त. सुरू करण्याआधी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्या, कारण ही गोळी हाडं ठिसूळ करू शकते. कॅल्शियम आणि डी-थ्री सोबत असतंच. सकाळी उठल्यावर बोटं आणि गुडघे आखडतात. चाललं की सुटतात. मी संभाजी बागेत फेऱ्या मारते.

राहिला विमा. बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांतला, त्याच आजाराचा खर्च मागता येतो. माझ्या पॉलिसीत साठ दिवस होते. टेस्टचं बिल त्या मुदतीत बसत होतं, म्हणून १० मे ला क्लेम टाकला: बिल, एनईएफटीची पावती, बाईंचं पत्र, अंतिम रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड. मूळ कागद देताना सगळ्याचे स्कॅन स्वतःकडे ठेवले. महिनाअखेरीस कंपनीने शंका काढली, जूनमध्ये नकार: 'ही तपासणी उपचाराचा भाग नाही.' मग बाईंनी लेटरहेडवर सविस्तर लिहून दिलं की या रिपोर्टवरूनच उपचार ठरले आणि चार केमो टळल्या. त्या टळलेल्या केमोंचा अंदाजे खर्चही मी सोबत जोडला. कंपनीच्या तक्रार कक्षाला ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही केलं. ऑगस्टमध्ये दीड लाख मंजूर झाले, बाकीचे नाकारले, कारण धड लिहिलेलं नाही.

कंपनीचं उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. उरलेल्या सव्वा लाखासाठी माझा अर्ज तिथे दिला आहे. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.